लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी अंगणात नरकासुर: न्यू जर्सीतल्या एका घराच्या हॅलोविनचं प्रकरण

पार्श्वभूमी

घर मध्य न्यू जर्सीतलं, एडिसन-इझलिनच्या पट्ट्यातलं. पुढे बेताची हिरवळ, तिच्यातून दारापर्यंत जाणारी सिमेंटची पाऊलवाट, कडेला ड्राइव्हवे. राहणारी माणसं पाच: आई, बाबा, बारा वर्षांची ताई, सात वर्षांचा धाकटा आणि डोंबिवलीहून सहा महिन्यांसाठी आलेली आजी, म्हणजे बाबांची आई. खरी नावं द्यायची नाहीत, म्हणून मुलांच्या नात्यानेच सगळ्यांना ओळखू. या घरात माझं जाणं-येणं आहे. त्यामुळे बराचसा प्रकार डोळ्यांदेखत घडला, उरलेला जेवणाच्या टेबलावर ऐकला.

२०२४ च्या उन्हाळ्यात त्यांनी हे घर घेतलं. त्याआधी अपार्टमेंटमध्ये होते, तेव्हा हॅलोविन म्हणजे दाराला एक कागदी वटवाघूळ आणि टोपलीभर चॉकलेटं, एवढंच. आता स्वतःचं अंगण होतं. समोरच्या घराने सप्टेंबर संपायच्या आत बारा फुटी सांगाडा उभा केला. होम डेपो या दुकानांच्या साखळीने २०२० साली २९९ डॉलरला आणलेला आणि तेव्हापासून अमेरिकेतल्या उपनगरांत घरोघरी दिसणारा तोच. धाकट्याने तो पाहिला आणि घरात धोशा लावला.

घर घेतल्यावर छताचं काम निघालं होतं. बाबांनी मर्यादा घातली: सजावटीला एकूण शंभर डॉलर, त्यात काय बसेल ते.

घरातली दोन माणसं या कामात मुरलेली होती, फक्त ते त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. बाबा गिरगावच्या चाळीत वाढले. तिथे गणपतीचं मखर दरवर्षी थर्माकोलचं, आणि तापलेल्या तारेने ते कापायचं काम कॉलेजला जाईपर्यंत त्यांच्याकडे. आई म्हापशाची. गोव्यात नरक चतुर्दशीच्या आदल्या रात्री वाड्यावाड्यावरची पोरं बांबू, वाळकं गवत, रद्दी आणि खळ यांतून दोन माणसं उंचीचा नरकासुर उभा करतात आणि पहाटे जाळतात. आईच्या घरासमोरच तो बांधला जायचा. मुखवट्याला कागद चिकटवण्यात तिचं अख्खं बालपण गेलं. हॅलोविनचा विषय निघाला तेव्हा मात्र दोघांनीही आधी ऑनलाइन दुकानांतल्या फुगवायच्या भोपळ्यांच्या किमती पाहिल्या. परदेशात आलं की आपण आपलंच शहाणपण आधी विसरतो, हे माझं मत. आईला ते फारसं पटत नाही.

अडचण कुठे होती

पैशांची अडचण त्यातल्या त्यात सोपी होती. खरी अडचण तारखेची. २०२४ साली अश्विन अमावास्या भारतात ३१ ऑक्टोबरला दुपारी लागली आणि १ नोव्हेंबरला संध्याकाळी संपली. महाराष्ट्रातल्या पंचांगांत लक्ष्मीपूजन १ तारखेचं होतं. न्यू जर्सीच्या घड्याळात तीच अमावास्या ३१ ला सकाळी लागून १ ला सकाळीच संपत होती. प्रदोषकाळी अमावास्या हवी, तर पूजा ३१ च्याच संध्याकाळी. म्हणजे पहाटे अभ्यंगस्नान, संध्याकाळी लक्ष्मीपूजन, आणि नेमक्या त्याच तासांत गल्लीतली पोरं चेटकिणी, सांगाडे होऊन चॉकलेट मागायला दारात.

आजींनी हे ऐकलं आणि भाजी निवडता निवडता एवढंच म्हणाल्या, "लक्ष्मी ज्या वाटेने यायची त्या वाटेवर तुम्ही थडगी मांडणार?"

तिसरी गोष्ट तोवर कुणी अडचण म्हणून मोजलीच नव्हती. पाऊस नव्हता. १८९५ पासूनच्या नोंदींत न्यू जर्सीतला सगळ्यात कोरडा महिना म्हणजे तो ऑक्टोबर. १७ ऑक्टोबरला राज्याने दुष्काळाची पहिली सूचना काढली. रानात वणवे लागत होते, उघड्यावर आग पेटवण्यावर बंधनं आली होती. अंगणात पानांचा पाचोळा पापडासारखा कुरकुरत होता. अशा अंगणात भुतांसाठी कापड, कागद आणि गवत आणायचं आणि दिवाळीच्या पणत्याही लावायच्या होत्या.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय बाबांचा: या वर्षी हॅलोविन रद्द. तो धाकट्याच्या चेहऱ्याकडे बघूनच बाद झाला. दुसराही बाबांचाच: पूजा महाराष्ट्राच्या पंचांगाप्रमाणे १ नोव्हेंबरला करू, शुक्रवार आहे, सोयीचंही पडेल. इथे आजी ठाम. "इथे राहता, इथला सूर्य बघून जेवता, मग तिथी डोंबिवलीची कशी?" मला हा युक्तिवाद बिनतोड वाटला. तिसरा पर्याय आईचा: सजावट ३० पर्यंत ठेवायची, ३१ ला दुपारी काढायची. पण ३० ची रात्र न्यू जर्सीत उपद्व्यापाची. 'मिसचीफ नाइट' म्हणून त्या रात्री मोठी पोरं झाडांवर टॉयलेट पेपर फेकतात, घरांवर अंडी मारतात. नेमकी तेवढी रात्र सगळं बाहेर ठेवून मुख्य संध्याकाळी आत घ्यायचं, हे ताईलाही हास्यास्पद वाटलं.

चौथा पर्याय बोलता बोलता निघाला आणि निघाला तो आजींकडूनच. आईने सहज म्हटलं, "आमच्याकडे चतुर्दशीच्या रात्री तर गावभर राक्षसच उभे असतात." आजी थोड्या थांबल्या. मग त्यांनी अटी घातल्या. पाऊलवाटेच्या दोन्ही अंगांना चार-चार फूट काहीही अभद्र नको. उंबरा, पायऱ्या आणि दाराचा परिसर लक्ष्मीचा. थडग्यांची तोंडं रस्त्याकडे, घराकडे नाहीत. आणि मधोमध जो मोठा राक्षस असेल तो नरकासुर म्हणूनच उभा राहील. "मारून झालाय तो. त्याला कसली भीती?"

या क्षणी प्रकरण फिरलं. अंगणाची वाटणी झाली, आणि 'काय विकत आणायचं' ऐवजी 'काय बांधायचं' यावर बोलणं सुरू झालं.

सामान आणि त्याचा हिशेब

बांबू फुकट मिळाला. न्यू जर्सीत कुणी तरी कधी तरी शोभेसाठी लावलेला बांबू मुळांनी कुंपणाखालून शेजाऱ्यांकडे पसरतो आणि मालक त्याला कंटाळलेले असतात. मागच्या गल्लीतल्या गृहस्थांनी "हवा तेवढा न्या" म्हणत करवतही दिली. पुठ्ठा घरात आलेल्या खोक्यांचा. रद्दी म्हणजे देशी किराणा दुकानांची जाहिरातपत्रकं. तूरडाळ आणि भेंडीचे भाव नरकासुराच्या बरगड्यांवर शेवटपर्यंत वाचता येत होते. दुधाचे रिकामे गॅलनचे कॅन तीन-चार घरांतून गोळा केले.

विकत घ्यावं लागलं ते असं: गुलाबी फोमचा, म्हणजे भिंतीत उष्णतारोधक म्हणून घालतात त्याचा, आठ बाय चार फुटांचा एक पत्रा, २७ डॉलर. फोमला चालणारा बांधकामाचा गोंद, दोन नळ्या, १४. रंग १३ डॉलरचा, पण त्यात एक चलाखी होती. रंगाच्या दुकानात गिऱ्हाइकाने मिसळून घेतलेला आणि मग नाकारलेला रंग पडत्या भावात मिळतो. एक गॅलन मातकट करडा आणि एक छोटा डबा पांढरट असे त्यांना तिथे मिळाले. थडग्यांना हेच रंग हवे होते. तीन सूत जाडीच्या लोखंडी सळया आणि अर्ध्या इंची पीव्हीसी पाइप मिळून २२. सव्वा डॉलरच्या दुकानातून चीजक्लॉथ म्हणजे विरळ विणीचं सुती कापड, फुगे, बॅटरीच्या मेणबत्त्या असं साडेबाराचं. एलईडीच्या माळा आणि बाहेर चालणारा टायमर २५ ला. एकूण एकशे तेरा डॉलरच्या वर थोडं. मर्यादा ओलांडलीच. मुख्य पदार्थ स्वस्त, पण गोंद, रंग आणि दिवे यांनी खिसा कापला. घरी बनवलं की फुकटात पडतं असं सांगणाऱ्यांनी गोंदाच्या नळीची किंमत धरलेली नसते. चॉकलेटांचा खर्च वेगळा, आणि तो या सगळ्याच्या निम्म्याहून जास्त होता.

थडगी

बाबांनी आधी पॅकिंगमधला पांढरा थर्माकोल वापरून पाहिला. कापला की दाणे सुटतात, गवतात जातात आणि नंतर सापडत नाहीत. गुलाबी फोम घट्ट असतो, त्याला दाणा नाही, पाणी पीत नाही, कडा कानसीने घासून दगडासारख्या झिजवता येतात. एका पत्र्यातून आठ थडगी निघाली. अक्षरं ताईने कागदावर छापून फोमवर टाचली, रेषांवर टाचणीने भोकं पाडली आणि मग बाबांनी तापलेल्या सोल्डरिंगच्या टोकाने कोरली. हे काम गॅरेजचं दार उघडून, पंखा लावून केलं. तापलेल्या फोमचा धूर छातीत जाणं बरं नाही, हे मखराच्या काळात कुणी सांगितलं नव्हतं. थडग्यांवर नावं कुणाची? ताईचा नियम: माणसांची नाहीत. म्हणून 'माझा डाएट', 'रविवारची झोप', 'बाबांचे केस' अशी इंग्रजीत कोरली.

पहिल्या थडग्यावर बाबांनी स्प्रेचा काळा रंग मारला आणि फोम डोळ्यांदेखत विरघळू लागला. हा फोम पॉलिस्टायरीनचा असतो आणि स्प्रेमधली द्रव्यं ते खातात. फोमवर आधी पाण्यात मिसळणाऱ्या लेटेक्स रंगाचा थर पाहिजे, तोही भोकं न ठेवता. उरलेल्या सातांवर करडा रंग दिला, तो वाळल्यावर काळा रंग भरपूर पाण्यात कालवून वरून ओघळू दिला. शेवटी जवळजवळ कोरड्या ब्रशने पांढरट रंग फक्त उंचवट्यांवर फिरवला. काळं पाणी खाचांत बसतं, पांढरा कडांवर राहतो, आणि दहा फुटांवरून तो दगड दिसतो. विरघळलेलं थडगंही फेकलं नाही. खड्डे पडून ते सगळ्यांत जुनाट दिसत होतं, म्हणून पुढच्या रांगेत गेलं.

रोवायचं कसं, यावर दोन मतं होती. बाबांनी चार थडग्यांच्या पाठीला पाइपचे तुकडे चिकटवले, जमिनीत दीड फूट सळया ठोकल्या आणि पाइप त्यांवर सरकवले. आधी पाणी शिंपायच्या नळ्या कुठून जातात ते घराच्या जुन्या मालकाला विचारून घेतलं, हे बरं केलं. तेवढ्यात सळया संपल्या. उरलेल्या चार थडग्यांखाली बाबांनी बार्बेक्यूच्या तारा खुपसून दिल्या. वारा नव्हता, सगळी थडगी सारखीच उभी राहिली. हा फरक पुढे महागात पडला.

भुतं आणि पंचे

भुतांसाठी चीजक्लॉथ खळीत बुडवायचं, बाटलीवर फुगा ठेवून त्यावर पसरायचं आणि रात्रभर वाळू द्यायचं. वाळल्यावर आतला फुगा फोडला की कापड पोकळ उभं राहतं. खळ आजींनी केली, साबुदाण्याची, साड्यांना करायच्या त्याच मापाने. बाजारातल्या स्टार्चपेक्षा ती कडक झाली, हे मी बोटाने वाजवून पाहिलं आहे.

कापड कमी पडलं तेव्हा आईने कपाटातले आजोबांचे जुने पंचे काढले. विणीने ते अगदी योग्य होते, विरळ आणि मऊ. आजींनी ते तिच्या हातातून घेतले, घडी घातली आणि म्हणाल्या, "अगं, यांच्या पंचाचं भूत करतेस?" आजोबा जाऊन तीन वर्षं झाली होती. आईने काही न बोलता गाडीची किल्ली उचलली आणि सव्वा डॉलरच्या दुकानातून आणखी दोन पाकिटं आणली.

कोळ्याची जाळी म्हणून मिळणारा ताणायचा कापूस ताईने नाकारला. तसल्या बारीक तंतूंत पक्षी अडकतात, हे तिने शाळेत ऐकलं होतं. झुडपांवर तिने जाड सुतळीचं, हात जाईल एवढ्या घरांचं जाळं विणलं. लांबून ते जास्त चांगलं दिसलं.

नरकासुर

बांधणी आईच्या हाती. पायांचे दोन बांबू जमिनीतल्या सळयांवर बसवले, खांद्याला आडवा बांबू, मागे तीन दोऱ्या ताणून खुंट्यांना. छातीला कोंबड्यांची जाळी, तिच्यावर पुठ्ठ्याच्या पट्ट्या आणि मग मैद्याच्या खळीत भिजवलेली रद्दी, थरावर थर. मुखवटा मोठ्या फुग्यावर. मिशा काळ्या कचऱ्याच्या पिशव्या कातरून, जीभ लाल फेल्टची, डोळे उलटे प्लास्टिकचे पेले आणि आत लाल एलईडी. उंची साडेनऊ फूट. समोरच्या सांगाड्यापेक्षा अडीच फुटांनी बुटका, पण पोट त्याला एकट्यालाच होतं.

मैद्याची खळ म्हटल्यावर खारी आल्याच. तिसऱ्या दिवशी उजवा कान कुरतडलेला. आजींना आठवलं की त्यांच्याकडे बाइंडर खळीत मोरचूद घालायचा, मग कसर लागत नसे. आईने नको म्हटलं: मोरचूद विषारी, आणि पुतळ्याला लहान मुलं हात लावणारच. तिने वरून लेटेक्स रंगाचे दोन थर दिले. पुढून दिले. पाठीला आणि पायांच्या बुडाशी, जिथे कुणाला दिसणार नव्हतं, तिथे रंग पोचला नाही.

जाळायचं का, हा प्रश्न धाकट्याने विचारला. गोव्यात जाळतात, मग आपण का नाही? त्या कोरड्या महिन्यात त्यावर चर्चाच नव्हती. पहाटे धाकट्याने आईबरोबर अंगठ्याखाली कारीट फोडायचं, एवढ्यावर तडजोड झाली. कारीट न मिळाल्याने बेबी काकडी फोडली.

३१ ऑक्टोबर

त्या दिवशी उन्हाळ्यासारखा उकाडा होता. उत्सवाच्या दृष्टीने उत्तम, आगीच्या दृष्टीने वाईट. इथे कुटुंबाने घेतलेला निर्णय मला या साऱ्या प्रकरणातला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. तेलाच्या पणत्या फक्त घरात, देवापुढे आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर. बाहेर एकही ज्योत नाही. पाऊलवाटेच्या कडेला दुधाचे कॅन, तळाशी वाळू आणि आत एलईडीची माळ. भुतांपासून लांब, दारातल्या आकाशकंदिलातही एलईडी. वायर बाहेरच्या, ओल लागली की वीज आपोआप तोडणाऱ्या सॉकेटवर. भुतांच्या कडक चीजक्लॉथला एक ठिणगी पुरली असती. त्यात हॅलोविनचे पोशाख पायघोळ आणि सिंथेटिक, पोरं अंधारात पळणारी.

दुसरा निर्णय चॉकलेटांच्या जागेचा. दारात वाटायची तर रांगोळी पायाखाली येणार आणि पूजेत दर दोन मिनिटांनी बेल वाजणार. म्हणून टेबल ड्राइव्हवेच्या तोंडाशी ठेवलं. बाबा आणि धाकटा तिथे बसले, आई आणि आजी आत. पूजा पाऊण तासात झाली, मग पाळी बदलली. रांगोळीत स्वस्तिक काढायचं की नाही, यावर थोडं बोलणं झालं होतं. इथल्या शेजाऱ्यांना ते चिन्ह कशाची आठवण देतं हे ताईने आजींना आधीच समजावलं होतं. स्वस्तिक उंबऱ्याच्या आत काढलं, बाहेर कमळ.

अनपेक्षित गोष्ट अशी की मुलं बारा फुटी सांगाड्याकडे दुर्लक्ष करून नरकासुरापाशी थांबत होती. सांगाडे त्यांनी गल्लोगल्ली पाहिले होते. हा पोटवाला, मिशीवाला कोण, असं प्रत्येक जण विचारू लागला. सात वाजेपर्यंत ताईने पुठ्ठ्यावर चार ओळींत गोष्ट लिहून त्याच्या गळ्यात अडकवली. शेजारच्या तेलुगू घरातले आजोबा आले आणि त्यांनी सत्यभामेची बाजू राहून गेली असं सांगून पाचवी ओळ लिहायला लावली.

दुसरं वर्ष

इथवर हे यशाचं प्रकरण आहे, आणि पहिल्या वर्षी मी ते तसंच लिहिलं असतं. पण २०२४ च्या ऑक्टोबरने कशाचीच परीक्षा घेतली नव्हती. पाऊस पडला नाही, म्हणून कागदाचा राक्षस टिकला. वारा झाला नाही, म्हणून बार्बेक्यूच्या तारांवरची थडगी उभी राहिली. कुटुंबाने निष्कर्ष असा काढला की पद्धत बरोबर आहे. नोव्हेंबरमध्ये सगळं सुटं करून गॅरेजमध्ये रचलं आणि २०२५ च्या ऑक्टोबरच्या पहिल्याच शनिवार-रविवारी जसंच्या तसं पुन्हा उभं केलं.

१२ आणि १३ ऑक्टोबरला किनाऱ्यावर नॉरईस्टर, म्हणजे ईशान्येच्या वाऱ्याचं वादळ, आलं. राज्यात आणीबाणी जाहीर झाली होती, तेव्हा सूचना मिळाली नाही असं म्हणता येत नाही. सळयांवरची चार थडगी जागची हलली नाहीत. तारांवरची चारही उडाली. दोन शेजारच्या झुडपात, एक नाल्याच्या जाळीवर, एक सापडलंच नाही. भुतांची खळ सुटली आणि ती जमिनीवर ओल्या फडक्यांसारखी पडली. नरकासुर पाठीकडून आणि पायांकडून पाणी प्यायला. सकाळी बांबूचा सांगाडा सरळ उभा होता आणि त्याच्या पायाशी लगद्याचा ढीग, त्यात वर तूरडाळीचा भाव. धाकटा रडला. आई हसली, कारण म्हापशात पहाटेनंतर नरकासुर असाच दिसायचा, फक्त काळा.

मग तिने जे म्हटलं त्यात या प्रकरणाची मेख आहे. खळ आणि रद्दी हे एका रात्रीचं सामान. गोव्यात त्याला पहाटेपर्यंतच उभं राहायचं असतं, म्हणून तिथे ते स्वस्तही आणि योग्यही. इथे त्यालाच आपण महिनाभर पावसावाऱ्यात उभं केलं. गणपतीचं मखरसुद्धा छपराखालीच असतं.

३१ ला अडीच आठवडे उरले होते. पर्याय तीन होते. एक, पुन्हा कागदच, पण पुतळा शेवटच्या दोन दिवसांतच बाहेर काढायचा. दोन, जॉइंट कंपाउंडच्या, म्हणजे भिंतींचे सांधे बुजवायच्या लांबीच्या, पाच भागांत लेटेक्स रंगाचा एक भाग कालवून त्यात गोणपाट बुडवायचं आणि सांगाड्यावर घालायचं; हॅलोविनवाल्यांमध्ये ही जुनी रीत आहे. ते कडक होतं, पण जड होतं, आणि बाहेर ठेवायचं तर वरून नीट रंग द्यावा लागतो. तीन, रंगकामात जमिनीवर अंथरतात तो पातळ प्लास्टिकचा कागद सांगाड्यावर गुंडाळून हीट गनने आकसवायचा आणि वर लाकडाचा तपकिरी रंग फासायचा. वाळलेल्या कातडीचा भास होतो, पाणी निथळून जातं.

त्यांनी तिसरा घेतला. हीट गन उसनी आणली, खर्च दहा डॉलरच्या आत. मुखवटा मात्र कागदाचाच ठेवला, या वेळी आतून-बाहेरून रंगवून, आणि तो गॅरेजमध्ये राहायचा. फक्त संध्याकाळी चढवायचा. दिवाळी त्या वर्षी आधीच, तिसऱ्या आठवड्यात होऊन गेली होती, त्यामुळे चतुर्दशीला तो अर्धवटच होता. आजी तेव्हा डोंबिवलीत होत्या. व्हिडिओ कॉलवर त्यांनी पाहिलं आणि विचारलं, "पोट कुठे गेलं त्याचं?" प्लास्टिक आकसताना पोट राहिलं नव्हतं. नवा नरकासुर हडकुळा होता आणि खरं सांगायचं तर समोरच्या सांगाड्याचा चुलतभाऊ वाटत होता. टिकण्यासाठी त्याने आपलं वेगळेपण दिलं. हा व्यवहार मला मनापासून पटलेला नाही.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात आधी, पहिल्या वर्षीच बागेच्या पाइपने एका भुतावर आणि नरकासुराच्या एका हातावर पाणी मारून पाहायला हवं होतं. पाच मिनिटांचं काम होतं. राज्यात दुष्काळ होता, पण एक बादली पाण्याला कुणी नाही म्हटलं नसतं.

सळया संपल्या तेव्हा चार थडगी कमी मांडायची होती. आठ बरी दिसतात म्हणून आठ उभी केली, आणि उडालेलं थडगं गाडीच्या काचेवर गेलं असतं तर हिशेब शंभर डॉलरचा राहिला नसता. वादळाची सूचना आली त्या संध्याकाळी सुटी होणारी प्रत्येक वस्तू उचलून गॅरेजमध्ये टाकणं शक्य होतं. पाइप सळईवरून वर ओढला की थडगं निघतं, रचना तशीच केलेली होती. त्या रात्री सगळे घरातच होते.

खर्चात, दिव्यांच्या माळा हॅलोविननंतरच्या आठवड्यात घ्यायला हव्या होत्या, तेव्हा त्या निम्म्या भावात मिळतात. पहिल्या वर्षी ते शक्य नव्हतं, दुसऱ्या वर्षी त्यांनी तसं केलं. आजींशी बोलणं मात्र सामान आणायच्या आधी झालं, हे नीट जमलं. फोम कापून झाल्यावर त्या अटी आल्या असत्या तर थडग्यांची तोंडं फिरवायला माणसांचीही तोंडं फिरली असती.

एक प्रश्न अजून सुटलेला नाही आणि तो ताईने काढला आहे. महाराष्ट्रात २०१८ पासून सजावटीच्या थर्माकोलला बंदी आहे. तिचे तिकडचे चुलतभाऊ आता पुठ्ठ्याचं आणि कापडाचं मखर करतात. तिच्या गॅरेजमध्ये त्याच जातीचा फोम पडून आहे, गावचा रिसायकलिंगचा ट्रक तो घेत नाही, आणि सापडलं नाही ते थडगं कुठल्या ओढ्यात तुकडे तुकडे होतंय हे कुणाला ठाऊक नाही. बाबांचं म्हणणं, आहे तो फोम दहा वर्षं वापरू, नवा आणायचा नाही. ताईला पुढच्या वर्षी उरलेली थडगी प्लायवुडवर हवी आहेत. प्लायवुडचा पत्रा फोमहून महाग पडतो, पण तो उडत नाही आणि स्प्रेचा रंगही त्याला चालतो. मार्चमध्ये एका शेजाऱ्याने जुनं कुंपण काढलं तेव्हा तिने त्याच्या फळ्या मागून आणल्या. त्या सध्या गॅरेजमध्ये सुटकेसांच्या मागे उभ्या आहेत, आणि बाबांची गाडी आत जात नाही.